दहा-चौदाची नोंद

ठाण्याच्या बसचं चुरगळलेलं तिकीट.

उत्तनच्या एका बाईच्या मनगटावरचं, पुढे धावणारं घड्याळ.

वरसाव्यातलं बंद शटर.

संगणकावर रविवारच्या दोन ओळी. भारताचा नाका, बाहेर : १०.१०. नेपाळचा नाका, आत : १०.१४.

*

"गाडी पोचली, मंग फोन का न्हाय करत तो?" गर्ट्रूडने विचारलं. तिचा नवरा मेल्विन गुरुवारी ट्रक घेऊन नेपाळला निघाला होता. आज सोमवार.

गाडीच्या काचेवरचा एकच टॅग दोन्ही देशांच्या टोलनाक्यांवर चालावा, याची चाचणी भाईंदर पश्चिमेच्या या ऑफिसातून चालायची. मेल्विन चाचणीचा ड्रायव्हर. नोंदी तपासायची क्षितिजा.

"तिकडे आपलं सिम लागत नसेल, आंटी," क्षितिजाचा साहेब यतीन हसला. "टेन्शन नका घेऊ. प्रत्येक नाका आपापल्या देशाची वेळ लिहितो, बघा. एकदम परफेक्ट. उद्या चाचणी बघायला येणाऱ्या पाहुण्यांना हेच दाखवायचंय."

पोलिसांनीही हीच नोंद पाहून गर्ट्रूडला परत पाठवलं होतं.

"शेवटचं काय बोलला?" क्षितिजाने विचारलं.

"वरसाव्याच्या गोडाऊनमधून सामान घेतो आन् निघतो."

"काही बिनसलं होतं?"

"तिकडची मशीन टॅग वाचतच न्हाय, म्हणायचा. दांडा हातानंच उचलतात. पाहुण्यांना सांगणार हाय, म्हणाला."

यतीनचं हसू मावळलं.

"आंटी, तुमचं घड्याळ पुढे आहे." क्षितिजाचं लक्ष तिच्या मनगटाकडे गेलं.

"तिकडचा टाइम हाय, बाय. तो गेला की पंधरा मिन्टं पुढं करते. त्याची जेवायची वेळ कळते."

क्षितिजाने संगणकावरच्या दोन ओळी पुन्हा वाचल्या.

"सर, नेपाळचे दहा-चौदा म्हणजे आपले नऊ-एकोणसाठ."

"मग?"

"मग ट्रक भारतातून निघायच्या अकरा मिनिटं आधीच तिथे पोचला?"

क्षितिजाच पुढे बोलली.

"मशीन अशी चुकत नाही. हाताने भरणारा चुकतो. त्याने आपल्या वेळेत चार मिनिटं मिळवली, पंधरा विसरला. हाताने नोंद करायचा अधिकार एकट्या तुम्हाला आहे. ट्रक सीमेवर गेलाच नाही, सर. मेल्विन बोलला असता तर उद्याचा कार्यक्रम बुडाला असता. आणि तो नेपाळात आहे म्हटल्यावर इथे त्याला कोण शोधणार? आपल्या वरसाव्याच्या गोडाऊनची चावी द्या."

यतीनची नजर दाराकडे गेली. दारात गर्ट्रूड जाऊन उभी राहिली होती.

"उद्या सोडणारच होतो," तो पुटपुटला. "पाणी ठेवलंय मी."

"किती?" गर्ट्रूडने विचारलं.

"दोन बाटल्या."

*

पोलिसांनी शटर उचललं, तेव्हा ट्रकशेजारी पडलेल्या मेल्विनची बोटं हलली.

रविवारी गर्ट्रूडची ठाण्याची बस त्याच शटरसमोर वीस मिनिटं ट्रॅफिकमध्ये उभी होती.