थेंबभर पिवळा

भिंतीचा पोपडा रुमालात गुंडाळून मी रंगाच्या दुकानात शिरले, तर काउंटरमागच्या माणसाचं नाक निळं होतं. लेक खुदकन हसली. तिला दटावता दटावता मलाच हसू आवरेना. तिने तिथल्या तिथे त्याचं नाव ‘निळेकाका’ ठेवून टाकलं.

लेकीने खडूंनी भिंत रंगवली होती आणि रविवारी घरमालकीण यायची होती. भाड्याचं घर, त्यात आम्ही दोघीच. तिच्या बाबांनी केव्हाच वेगळा संसार थाटलेला. म्हणून भिंतीचा अगदी तोच रंग हवा होता.

त्याने रंग कालवला, पोपड्याशेजारी ठिपका देऊन म्हणाला, “हुबेहूब.”

“ओला आहे म्हणून. वाळला की गडद होईल,” मी बोलून गेले. “थेंबभर पिवळा हवा.”

त्याने पंखा लावला. आम्ही तिघं त्या ठिपक्याकडे टक लावून उभे… आणि झाला की गडद. त्याने ठिपक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे — जरा जास्तच वेळ. चित्रं काढता का, म्हणाला. काढायचे, मी म्हटलं. लेक रांगायला लागली तसे ब्रश माळ्यावर गेले. तिने ट्यूब गिळली तर, टर्पेंटाइनचा वास छातीत बसला तर… मला काळजीला कारण लागत नाही. तो हसला नाही. उद्या नीट कालवून ठेवतो, एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशीचा डबा घरी नेला, तर हिरवट. त्यानंतरचा गुलाबी. परत गेले की तो कान पकडायचा, वर चेहरा इतका खुश. शेवटी मीच काठी ओढून घेतली. ढवळताना पिवळा सोनेरी दोऱ्यासारखा पांढऱ्यात फिरत गेला, विरघळला… आणि माझी बोटं अशी शिवशिवली, की काठी खाली ठेववेना.

भिंत जमली. तरी शनिवारी मी रिकामा डबा परत करायला गेले. रिकामा डबा कुणी परत करतं का?

त्याने शटर खाली ओढून पांढरंशुभ्र रंगवलं होतं. समोर ब्रश, वाट्या.

“तुमच्यासाठी,” तो म्हणाला. “काय वाटेल ते काढा. पाण्यातले रंग आहेत, वास नाही. खालचा पट्टा छोट्या बाईंचा.”

छोट्या बाई एव्हाना कामाला लागल्याही होत्या. माझ्याजवळची सगळी कारणं संपली.

“हातच राहिला नसेल तर? चुकलं तर?”

“चुकण्यात माझा हात कोण धरणार?” तो वाट्यांकडे बघत राहिला. “पहिल्या दिवशी खरंच चुकलं होतं. नंतरचं… मुद्दाम.”

“ठाऊक होतं. अशा रंगात हिरवा चुकून पडतो होय?”

“मग… तुम्ही परत का येत होतात?”

मी ब्रश पिवळ्यात बुडवला. आधी त्याच्या नाकावर एक ठिपका दिला. मग शटरवर रेघ ओढली — लांब, वरपर्यंत, टाचा उंचावून. किती वर्षांनी!

“आई,” खालून लेक ओरडली, “निळेकाकांचे कान बघ, लालेलाल झाले!”

मी वळून पाहिलं. हा रंग मात्र त्याला पहिल्याच खेपेला जमला होता.