हरकत असेल तर बोला

भूषण मला पहिल्यांदा भेटला तो घंटेच्या दोराशी. घंटा वाजवणारे उखर्डूनाना तापाने पडले होते. पाचोऱ्यातलं आमचं शंभर वर्षांचं दगडी चर्च त्या रविवारी मुकं राहू नये म्हणून मी धावले... आणि दुसऱ्या दारातून तो! दोघांचे हात एकाच गाठीवर.

"सोडा, तुम्हाला झेपायचं नाही."

"तुम्हीच सोडा. घामाने दोर भिजवलात!"

समोरचा चहावाला ही घंटा सुरू झाली की दूध चढवतो, थांबली की उतरवतो. त्या दिवशी ती जरा जास्तच वाजली.

नाना बरे झाले, तरी दर रविवारी आम्ही दोघं दोराशी हजर. तुम्हीचं तू झालं. गप्पा कपाशीच्या, गळक्या कौलांच्या. जे बोलायचं, ते मात्र त्याच्या ओठांवर येऊन माघारी फिरायचं. आठ महिने माझा जीव नुसता टांगणीला! शेवटी नाशिकच्या अभिमन साळव्यांचं स्थळ आलं, आणि मी रागारागात हो म्हणून बसले.

आमच्याकडे लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये दोघांची नावं वाचतात आणि विचारतात, 'कोणाची हरकत आहे का?' वाचायचं काम चर्चच्या मंडळीच्या सेक्रेटरीचं. आणि सेक्रेटरी कोण? भूषण!

पहिल्या रविवारी त्याने नावं वाचली आणि हरकतीचं न विचारताच मटकन खाली बसला. आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब म्हणाले, "हे धरता येणार नाही. पुढच्या रविवारपासून पुन्हा तीनदा."

मी त्याला दोराशी गाठलं. "मुद्दाम विसरलास?"

"विचारलं असतं, तर... मलाच उत्तर द्यावं लागलं असतं."

"मग द्यायचं!"

"तू होकार दिलास, दीपा. मी कोण बोलणारा?"

असा राग आला म्हणता! पुढचे दोन रविवार त्याने खाली मान घालून विचारलं, आणि मी बाकावर नुसती चुळबुळत राहिले. मग शनिवारी धीर करून अभिमनना फोनवर नकार कळवला. "आधी बोललात, बरं केलंत," एवढंच ते म्हणाले. घरी सांगायला मात्र तोंड उघडेना.

शेवटचा रविवार. नावं वाचून झाली. "कोणाची हरकत..." भूषण कागदाची घडी घालायला लागला.

पुढच्या बाकावरून वच्छलाअक्का ओरडल्या, "बोल ना रे भाऊ, कितला येळ लावस!"

"...आहे का?"

मी उभी राहिले. "माझी आहे."

आईने ओढणी खेचली. पाळकसाहेबांनी चष्मा सावरला. "तुझीच? कारण काय, बाळ?"

"कारण... कागद हातात धरून उभं आहे."

भूषणने मान वर केली. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच.

"माझीपण हरकत आहे!" तो एवढ्या मोठ्याने म्हणाला, की मागचं तान्हं बाळ दचकून रडायला लागलं.

अक्कांनी पाळकसाहेबांकडे पाहिलं. "आते या दोन्हीसना नावं वाचा मंग!"