तांब्याचा वायसर

सुट्या भागांची ती दोन सीटची छोटी गाडी खोक्यांतून आली होती. सांगाडा, चाकं, स्टिअरिंग सगळं होतं. इंजिन तेवढं आपलं आपण बसवायचं. मिस्त्रीने मेहुण्याच्या मोटारसायकलचं बसवायचं ठरवलं. ठरवलं कसलं, बायकोने हट्टच धरला! भाऊ त्याच मोटारसायकलवरून वळणावर घसरून गेल्यापासून आठ महिने तिने घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. "त्याचं इंजिन घाला, मी बसेन," ती म्हणाली.

नाही म्हणायला मिस्त्रीला तोंड कुठे होतं? अपघाताच्या आदल्या दिवशी त्यानेच मेहुण्याचं ऑइल बदललं होतं. इंजिनच्या तळाशी ऑइलचा चेंबर असतो, त्याच्या बोल्टखाली गळती अडवायला तांब्याचा वायसर असतो, तो दरवेळी नवा घालायचा. "दाजी, नवीन घातला ना?" मेहुण्याने विचारलं होतं. "घातला रे बाबा," म्हणत याने जुना, चिरलेलाच दाबून बसवला. मग थेंब थेंब ऑइल मागच्या टायरवर. पोलिसांनी भरधाव वेग असं लिहिलं आणि मिस्त्री गप्प बसला. बायकोला कळलं असतं, तर तिने या जन्मात त्याचं तोंड पाहिलं नसतं.

आता काम तसं साधं होतं. मोटारसायकल वळणावर झुकते, म्हणून तिच्या पोटातलं ऑइल जागेवर राहतं. गाडी काही झुकत नाही, मग ऑइल एका बाजूला पळतं आणि इंजिन कोरडं पडतं. ते अडवायला चेंबरमध्ये पत्र्याच्या पट्ट्या बसवायच्या. त्याने बोल्ट सोडला. बोल्टखाली वायसर नव्हता. भिंग लावून फरशी पाहिली, तरी सापडला नाही.

ऑइल लाळेसारखं तार धरून लोंबत होतं. वास तर शिळ्या तोंडाचा, सकाळी चूळ न भरलेल्या माणसाचा. तीस वर्षं ऑइलमध्ये हात घालणाऱ्या मिस्त्रीने नाकाला फडकं लावलं. ऑइल गाळायच्या जाळीवर केसांचा गुंता होता. "शी! कुठून आली ही घाण," म्हणत त्याने तो चिमट्याने उपसला, चेंबर रॉकेलने धुतला आणि कोरडा करून ठेवला.

सकाळी चेंबर पुन्हा अर्धा भरलेला होता. त्याने बोट बुडवलं. कोमट. तळाशी खडा लागला म्हणून चिमटीत धरून वर काढला.

दाढ होती.

मिस्त्री मोरीत जाऊन भडभडून ओकला. बायको दारातून बघत होती. "झालं का?" तिने विचारलं.

"होतंय," तो म्हणाला. दाढ त्याने फडक्यात गुंडाळून कचऱ्यात टाकली, पट्ट्या बसवल्या, नवाकोरा वायसर घातला आणि बोल्ट आवळून नवं ऑइल भरलं. हात तीनदा साबणाने धुतले, तरी वास जाईना.

दुपारी बायको खरोखरच घराबाहेर आली. केस विंचरलेले, चेहरा शांत. मिस्त्रीला भरून आलं. इंजिन सीटच्या मागे होतं, पहिल्याच झटक्यात सुरू झालं. ऊन लख्ख, रस्ता मोकळा.

पहिल्या वळणावर ती आतल्या बाजूला झुकली, मोटारसायकलवर मागे बसल्यासारखी.

"अगं, गाडीत झुकायचं नसतं," तो हसला.

दुसऱ्या वळणावर ती पुन्हा झुकली. आता तो शिळा वास यायला लागला, पण मागून नाही. शेजारून.

"काय चघळतेयस?"

तिच्या ओठांच्या कोपऱ्यातून काळी तार हनुवटीवर उतरली. त्याने गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं.

ते बंद झालं नाही.

"दाजी," बायको म्हणाली. आवाज तिचाच होता. लग्नाला चौदा वर्षं झाली, तिने त्याला ही हाक कधी मारली नव्हती. मारणार तरी कशी?

"दाजी, नवीन घातला ना?"

"घातला," तो कसाबसा म्हणाला. "देवाशप्पथ, या वेळी घातला."

तिने त्याचा हात ओढून तळवा उघडला, त्यावर तोंड नेलं आणि जीभ बाहेर काढली. तांब्याचा चपटा वायसर त्याच्या तळहातावर पडला. कडेला चिरलेला, लाळेने बुळबुळीत, अजून कोमट.