जगन्नाथकाकांची सावलीतली जागा

"मंगळवारी देवांगदादाने एकोणीस फिरक्या टाकल्या. त्यातल्या अठरांवर कुणी बॅटच फिरवली नाही," रुही मॅचच्या नोंदींच्या वहीवर पेन्सिल आपटत म्हणाली. "बाहेरगावच्या तीन मॅचेसमध्ये याच फिरकीवर भलेभले हवेत बॅट फिरवून परत गेले होते. मग घरीच असं का?"

"घरी पुरणपोळी मिळते. जड होत असेल," शिव म्हणाला. तो रुहीचा धाकटा भाऊ. कुठल्याही प्रश्नाचं त्याचं उत्तर खाण्यापाशी येऊन थांबायचं.

बावीस वर्षांचा देवांग शुगर लँडमध्ये त्यांच्याच गल्लीत राहायचा. तो पिचर होता, म्हणजे बेसबॉलमधला गोलंदाज. बाहेर जाणारा चेंडू सोडला तर बॅट्समनचा फायदा, मधोमधचा सोडला तर पिचरचा; आणि देवांगची फिरकी शेवटी बाहेरच वळायची. सगळ्यात खालच्या लीगपासून एकेक पायरी चढत तो मे महिन्यात गावच्याच ट्रिपल-ए संघात पोचला होता. इथून वर फक्त मेजर लीग. पण घरच्या मैदानावर दोनदा त्याची धुलाई झाली होती. रविवारी मंगळवारच्याच पाहुण्या संघाविरुद्ध तिसऱ्यांदा तेच झालं, तर एक पायरी खाली, डबल-एमध्ये परत, असं कोचने स्वच्छ सांगितलं होतं.

"मी मंगळवारचा व्हिडिओ काढलाय," नेपरव्हिलहून सुट्टीला आलेली त्यांची मामेबहीण रेणू म्हणाली. "पण त्यात बॉलपेक्षा काकाच जास्त आहेत, यार."

जगन्नाथकाका शेजारचे. तीस वर्षं रिफायनरीत इंजिनीयर होते. मशिनच्या वर आवाज चढवायची सवय लागली ती लागलीच. जन्म क्रिकेटमध्ये गेलेला, त्यामुळे बेसबॉलचा वळणारा चेंडूही त्यांच्या लेखी फिरकीच. आणि टेक्ससचं ऊन नको म्हणून ते नेहमी सावलीतली जागा धरायचे. ती होती नेमकी पाहुण्या खेळाडूंच्या बाकांमागे.

व्हिडिओत काकांचा आवाज घुमला, "फिरकी आली रे!" बॅट्समन पुतळ्यासारखा उभा. पुन्हा "फिरकी आली रे!" पुन्हा पुतळा.

"थांब, थांब," रुहीने फोन ओढून घेतला. "काका आधी ओरडतात आणि बॉल नंतर येतो."

पुढच्या आरोळीला बाकावरचा एक खेळाडू मागे वळला आणि काकांकडे बघून चक्क शाबासकीचा अंगठा उंचावत हसला. काकांनीही खुशीत हात हलवला.

"ओ माय गॉड," रेणू पुटपुटली. "त्यांना मराठी येतं?"

"एकच शब्द येतो," रुही म्हणाली. "तेवढा पुरतो."

तिघं काकांच्या गॅरेजमध्ये गेली. रुहीने अगदी साळसूदपणे विचारलं, "काका, तुम्हाला फिरकी आधीच कशी कळते?"

"अगं, त्याचा हातमोजा बघ. फिरकीची पकड घेताना पंख्यासारखा पसरतो. लहानपणापासून," काका अभिमानाने म्हणाले.

कोपऱ्यात एक पालथी बादली होती. देवांगचे आईबाबा ऑफिसातून यायच्या आत, रोज संध्याकाळी, त्या बादलीवर बसून काकांनी नऊ वर्षं त्याचे चेंडू झेलले होते. त्यांच्या डाव्या करंगळीचं हाड त्यातच वाकडं झालेलं. रुहीने वही मिटून काखेत घेतली.

बाहेर आल्यावर शिव म्हणाला, "काकांना सांगायचं?"

"नाही. दादाला."

देवांगने व्हिडिओ दोनदा पाहिला. आधी त्याने कपाळावर हात मारला, मग हसत सुटला. "कोचने माझा खांदा तपासला, कोपर तपासलं, बोटं तपासली. मोज्याकडे कुणी बघितलंच नाही."

"मग काकांना गप्प बसवायचं ना?"

"छे गं. रविवारी त्यांना जोरात ओरडू दे."

रविवारी मोजा पंख्यासारखा पसरला. "फिरकी आली रे!" बॅट्समन निवांत उभा राहिला, आणि सरळ, सुसाट चेंडू मधोमध निघून गेला. मग मोजा मिटलेला, काका गप्प, आणि चेंडू असा वळला की बॅट हवेत फिरली. सहा डावांत पाहुण्यांना एकच धाव मिळाली. बाकावरचा तो खेळाडू आता काकांकडे दगाबाजाकडे बघावं तसं बघत होता.

"आज माझं काहीतरी चुकतंय गं," काका कासावीस होऊन म्हणाले.

"चुकू द्या, काका," रुही म्हणाली. "पॉपकॉर्न घ्या."

मॅच संपल्यावर कोच देवांगबरोबर आले. देवांग ट्रिपल-एमध्येच राहणार होता. कोचने रुहीची वही पानापानाने पाहिली आणि म्हणाले, "आमच्या सहा कॅमेऱ्यांना जे दिसलं नाही, ते या तिघांनी एका वहीत आणि एका फोनमध्ये पकडलं."

मग सगळा उलगडा झाला. काकांचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्यामुळे तू..."

"काका, चहाडी माझ्या मोज्याने केली," देवांग त्यांच्या पाया पडला. "तुम्ही नुसती वाचलीत. नऊ वर्षं कुणी बादलीवर बसून माझ्याकडे बघितलं नसतं, तर ती वाचायला तरी कोण होतं? आणि हे वरच्या लीगमध्ये कळलं असतं, तर माझं काय झालं असतं?" त्याने मॅचचा चेंडू काकांच्या वाकड्या करंगळीच्या हातात ठेवला.

काका बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग रुहीकडे वळले. "त्या वहीत माझ्या किती आरोळ्या आहेत?"

"मंगळवारच्या एकोणीस. आजच्या चौदा."

"बरं," काका उठले आणि पलीकडच्या, देवांगच्या संघाच्या बाकांमागच्या, उन्हाने तापलेल्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघत म्हणाले, "पुढच्या वेळी तिकडे बसू. टोपी घेऊन ये. आणि मी तोंड उघडलं, की पॉपकॉर्न घाल."