‘सोड’ कोण म्हणालं?

हे खरं आहे. पटत नसेल तर इथंच थांबा, मला अक्कल शिकवायला येऊ नका.

भुतं रात्री येतात म्हणे. हे भर दुपारी घडलं. डोक्यावर ऊन, आणि आमच्या मोठ्या मामाच्या घरामागची मोकळी जागा.

दोघे मामा पाण्याच्या पाइपसाठी चर खणत होते. मोठा ट्रॅक्टरवर, धाकटा मागे. मोठं मशीन वगैरे काही नाही, ट्रॅक्टरला एका फाळाचा नांगर. नांगर माती फोडायचा, धाकटा चरात उतरून फावड्यानं ती बाहेर फेकायचा. मग ट्रॅक्टर चराच्या दोन्ही अंगांना चाकं ठेवून उलटा मागे यायचा, आणि नांगर पुन्हा त्याच चरात. दर फेरीला चर खोल.

मोठा मामा मागे वळून बघायचा नाही. मागे बघतो तो कच्चा ड्रायव्हर, हा त्याचा तोरा. चराच्या टोकाला उभा राहून धाकटा ओरडायचा, "येऊ दे... येऊ दे... सोड." सोड म्हटलं की मोठा लिव्हर दाबायचा. नांगर धप्पकन खाली.

त्या दिवशीही तेच. येऊ दे... येऊ दे... सोड.

मोठ्यानं नांगर सोडला.

आणि समोरून धाकटा आला. हातात पाण्याचा कॅन.

मग मागे...?

मागे कोणीच नव्हतं.

बाजूला थोड्या अंतरावर प्लंबर पाइप कापत बसला होता. मोठ्यानं त्याच्यावरच तोंडसुख घेतलं, नकला करतोस काय म्हणून.

धाकटा हसला नाही.

"दादा, आजपासून मागे बघत जा."

"मान मोडून घेऊ? तुझा आवाज मला कळत नाही होय? पाळण्यात होतास तेव्हापासून ऐकतोय."

काम पुन्हा सुरू. धाकटा चरात उतरून एक दगड उपसत होता.

मोठ्याच्या कानावर आलं...

येऊ दे.

ट्रॅक्टर मागे निघाला.

येऊ दे...

सोड.

मोठ्यानं लिव्हर दाबला. नांगर खाली गेला.

पण धप्पकन वाजलं नाही.

तेव्हा कुठे त्यानं मान वळवली.

धाकट्याला बाहेर काढलं, तेव्हा दवाखान्यात नेण्यासारखं काही उरलं नव्हतं. मोठा एकच घोकत होता, तोच म्हणाला सोड, त्याच्याच आवाजावर सोडला.

प्लंबर पांढराफटक पडला होता. त्यानं सांगितलं, धाकट्याचा पाय दगडाखाली अडकला होता, तो जिवाच्या आकांतानं ‘दादा, थांब’ ओरडत होता.

"मग सोड कोण म्हणालं?"

"आवाज त्याचाच होता," प्लंबर म्हणाला. "पण तोंड तुमचं हलत होतं."

आता मोठा मामा घराबाहेर पडत नाही. त्याचा डोळा लागला की ओठ हलतात... आणि धाकट्याच्या आवाजात येतं, "दादा, थांब."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी ताडकन उठलो, त्याला हलवायला. धाकट्या मामीनं माझं मनगट असं धरलं, की वळ उठले.

ती रोज त्याच्या उशाशी बसते. आवाज आला की हळूच विचारते, "अहो, जेवलात का?"

हल्ली मोठा मामा सकाळीसुद्धा झोपलेलाच असतो.

झोपेच्या गोळ्या कोण देतं, ते घरात सगळ्यांना माहीत आहे.