हिंदुराव गुळव्याचं नाक

गुऱ्हाळावर उसाच्या रसाची सकाळची दुसरी काहील चुलवाणावर चढली होती आणि माणसं काम सोडून मोबाइल हुंगत उभी होती. मोबाइल हुंगण्यात आता नवल राहिलं नव्हतं म्हणा. त्याच्या पाठीवरच्या गंधचकतीतून हवा तो वास निघायचा. कुणी अत्तर हुंगून मागवायचं, कुणी हॉटेलातला रस्सा. पण आज एका वाहिनीने चक्क खुनाच्या खोलीतला आणि आरोपीच्या सदऱ्याचा असे दोन वास सोडले होते. 'दोन्ही वास हुंगा आणि सांगा, एकच की वेगळे?' असं सगळ्या जिल्ह्याला विचारलं होतं.

ज्याने हे दोन्ही वास कोर्टात हुंगले होते तो माणूस तिथेच काहिलीपाशी उभा होता. हिंदुराव पोवार, गुळव्या. पाक नेमका कधी उतरवायचा ते ठरवणारा. चाळीस वर्षं पंचक्रोशीत त्याच्या नाकाचा डंका होता. आणि त्या नाकाला दोन वर्षांपूर्वीच्या तापानंतर कसलाही वास येत नव्हता.

बायको आक्काताई सोडली तर हे कुणाला ठाऊक नव्हतं. पाकाचा रंग बघून, बोटांत गोळी करून तो काम निभावून न्यायचा, आणि सवयीने नाक मात्र फुगवायचा. इथवर ठीक होतं, कुणाचं काही बिघडत नव्हतं. बिघडलं ते तो पंच झाल्यावर.

नव्या कायद्याने खुनाच्या खटल्यात निकाल द्यायला साध्या माणसांतून नऊ पंच बसू लागले होते. फर्निचरवाल्या बापू मगदुमांचा त्यांच्या खोलीत खून झाला. पोलिसांनी तासाभरात खोलीतली हवा यंत्राने टिपली. त्या हवेतले वासाचे कण मोजून यंत्र तोच वास पुन्हा तयार करी. मात्र दोन वास एकाच वस्तूचे आहेत का, हे माणसाच्या नाकाने ठरवावं, असा नियम होता. आरोपी म्हणून पकडलेल्या, टेम्पो रंगवणाऱ्या सागर तोडकरच्या सदऱ्याला थिनरचा वास यायचा, आणि सरकारी वकिलाच्या मते खोलीतला वासही तोच होता. सागरचा वकील म्हणाला, छे, तो तर फर्निचरच्या पॉलिशचा.

पंचांच्या खोलीत या दोन वासांच्या कुप्या फिरल्या. सगळ्यांनी हुंगल्या आणि एकमेकांची तोंडं पाहिली. मग कुणीतरी म्हणालं, "पोवारमामा गुळवे आहेत. त्यांनाच विचारा की."

तिथेच खरं सांगायचं होतं. दोन शब्दांचं काम. पण आठ जण मान वर करून आपल्याकडे बघतात म्हटल्यावर हिंदुरावाची जीभच उचलेना. त्याने कुप्या नाकाशी धरल्या, डोळे मिटले, सगळ्यांना चांगलं ताटकळत ठेवलं आणि सांगितलं, "एकच."

"मला तर वेगळे वाटतात," पोस्टातल्या अपर्णा हुद्दार म्हणाल्या.

"बाई, शिक्के मारायचं काम न्हवं हे," तो म्हणाला. सगळे हसले. एकाविरुद्ध आठ मतांनी सागरला जन्मठेप झाली.

अपर्णाबाईंना ते सहन होईना. गेल्या आठवड्यात वाहिनीवर त्यांनी सगळं सांगून टाकलं. झालं, पंचांच्या खोलीतलं बाहेर फोडलं म्हणून त्यांना नोटीस आली, पोस्टखात्याने कामावरून घरी बसवलं. चर्चांमध्ये मोठमोठी माणसं त्यांच्याच वागण्यावर तुटून पडली. हिंदुरावाला कुणी चकार शब्दाने विचारलं नाही. आज सकाळी चहा ठेवताना आक्काताई एवढंच म्हणाली, "बाईंची नोकरी गेली. पोरगं आत गेलं. तुमचं नाक तेवढं शाबूत ऱ्हायलं." चहा तसाच ठेवून तो गुऱ्हाळावर आला होता.

"मामा, घ्या," गुऱ्हाळावरच्या जोतिबाने मोबाइल पुढे केला. "आमच्यात निम्मी म्हणत्यात एक, निम्मी वेगळा. तुमी सांगाल तसं बटन दाबतो."

काहिलीकडे पाठ करून हिंदुरावाने मोबाइल नाकाशी धरला आणि डोळे मिटले. मिटले तसा तो स्वतःलाच दिसला. तेच सोंग, तीच ऐट. त्याला लाज वाटली. समोरची माणसं वाट बघत राहिली.

बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले. कामावरच्या शेवंताने पदर नाकाला लावला होता. जोतिबा चुळबुळत होता. हिंदुराव मागे वळला, तर काहिलीतला पाक कडेने काळाठिक्कर पडून उकळत होता.

"जाळ ओढा," तो ओरडला. मग हळू आवाजात म्हणाला, "करपल्याचा वास कवा आला तुमाला?"

"मघाशीच," शेवंता म्हणाली.

"समद्यांना?"

"व्हय की."

"मग बोलला का न्हाईसा?"

"तुमी हुता न्हवं हितं," जोतिबा म्हणाला. "आमाला वाटलं, मामा काय ते बघून घेतील."

हिंदुराव तिथेच उसाच्या मोळीवर बसला. "मला वास येत न्हाई," तो म्हणाला. "दोन वर्सं झाली. कोर्टातबी आला न्हवता." कुणी हसलं नाही. जोतिबाने मोबाइल काढून घेतला आणि तो उलटा करून खिशात टाकला.

हिंदुरावाने कोर्टाच्या पत्रावरचा नंबर लावला. पलीकडच्या कारकून बाईंनी त्याच्याकडून सगळं दोनदा वदवून घेतलं आणि लिहून घेतलं.

"पोवार, याबद्दल तुमच्यावर खटला होईल. माहीत आहे ना?"

"व्हऊ दे. आदी त्या पोराचं बघा. आन् बाईंचं."

"ते वर कळवते. पण एक सांगा. तुमच्यामागून 'एकच' म्हणाले ते सात जण. त्यांची नाकं तर चांगली होती. त्यांना त्या दिवशी काय वास आला होता, हे त्यांना तरी आता सांगता येईल का?"