चार वाजताचं पाणी

वाळूजच्या अलीकडं, डांबरी रस्त्याला लागून मोतीरामचं शेततळं आहे. त्यात रोहू आणि कटला. मार्चात विहीर आटली, तेव्हा त्यानं शहराकडून येणाऱ्या नाल्यात मोटर टाकली. शेतीची लाईट दुपारी चारला यायची आणि पाइपातून काळं पाणी तळ्यात पडायचं. खाद्य निम्म्यावर आलं, तरी मासे पोसले.

लीलाबाई होती तोवर घरात एक रीत होती. जाळं ओढलं की पहिला मासा चुलीवर. नवराबायको जेवायची, एक दिवस थांबायची, मगच माल विकायचा. ती गेली आणि मोतीराम भाकरी-ठेच्यावर आला. एकट्यासाठी कालवण कोण करतं? शुक्रवारी मासे विकणारा सुदर्शन भरलेले क्रेट घेऊन गेला, तेव्हा पहिल्या माशाची आठवणही निघाली नाही.

सोमवारी मत्स्य खात्यातली करुणा तपासणीचा कागद घेऊन आली.

"काका, मासे दिसायला धडधाकट आहेत. पण कल्ल्यांत, आतड्यांत मैल्यातले जंतू आहेत. एकही विकू नका. थोडे स्वच्छ पाण्यात उपाशी ठेवा, पंधरा दिवसांनी परत तपासू."

"खाणाऱ्याला काय होतं?"

"जुलाब, ताप. साफ करणाऱ्याच्या हातालाही लागतं. विकले नाहीत ना?"

मोतीराम उठून तळ्याकडं निघाला.

त्यानं मोटर काढली, पाइप कोरडा केला. घरामागच्या हौदात टँकरचं पाणी घेऊन दहा-बारा रोहू सोडले.

चारला तळ्यातले सगळे मासे कोरड्या पाइपाखाली जमले. तोंडं पाण्याबाहेर, उघडत, मिटत. सवय, त्यानं स्वतःला सांगितलं. मग तो घरामागं गेला. हौदातले रोहू तळ्याकडच्या भिंतीला ओळीनं लागले होते. तोंडं वर. उघडत, मिटत, सगळी एकदम.

मधे अख्खं घर होतं.

मंगळवारी त्यानं ते घरातल्या पिंपात टाकले, वर झाकण ठेवलं. चारला थोडा अवकाश असताना झाकण उचललं. सगळे एकाच बाजूला, तळ्याच्या.

तो लीलाबाईचा खाद्याचा डबा घेऊन तळ्यावर गेला. ती वाजवायची तसा वाजवला. पूर्वी पाणी उसळायचं. आज पाइपाखालचा एकही मासा वळला नाही.

त्यानं सुदर्शनला फोन लावला.

"मासे कुणाला दिले रे?"

"कंपनीच्या पहिल्या पाळीच्या बसला, काका. गेटवरच सगळे संपले. एक ड्रायव्हर तेवढा राहिला. माळकरी हाय ना, क्रेट बघून नाकच दाबतो."

"कुणाला काय झालं का?"

"काय व्हायचंय? परत कधी आणतो म्हणून मागं लागलेत. मी बी खाल्ला. लई ग्वाड..."

मोटरच्या पेटीवरचा लाल दिवा लागला. लाईट आली होती.

"सुदर्शन?"

फोन चालू होता. पलीकडून ओठ उघडल्या-मिटल्याचा ओला आवाज येत होता. संथ.

पाण्यातही तोच ठेका होता.

रस्त्यावर कंपनीची बस आली. गतिरोधकाशी हळू झाली. आत कोणी बोलत नव्हतं. प्रत्येक खिडकीत चेहरा होता आणि प्रत्येक चेहरा पाइपाकडं वळलेला.

मोतीरामनं हात वर केला. कोणी बघितलं नाही.

तोंडं उघडत होती, मिटत होती.

ड्रायव्हरच्या गळ्यात तुळशीची माळ होती. तो एकटाच समोर बघत होता.